उन्हाळ्यात काय वाचावे?

(मंडळाच्या वर्धापनदिनी, चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाच्या वेळी केलेले भाषण)



बाहेर पन्हे आणि आंब्याची डाळ तयार आहे, आणि तरीही तुम्ही आधी माझे बोलणे ऐकायला बसला आहात, याबद्दल मी तुमची आभारी आहे. महिन्यापूर्वी चिटणीसबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "यंदा तू बोलायचं. उन्हाळ्यात बायकांनी काय वाचावं ते सांग." मी म्हटले, "काकू, मी सातवी पास. पुस्तकांवर बोलायला कुणी शिकलेल्या बाई बोलवा." त्या म्हणाल्या, "शिकलेल्या बाईंना मागं बोलावलं होतं. चाळीस पुस्तकांची छापील यादी दिली त्यांनी. त्यातलं एक तरी कुणी वाचलं का?"

खरे सांगायचे तर कोणीच वाचले नव्हते. मीही नाही. ती यादी मी पिठाच्या डब्याखाली अंथरली होती. दोष यादीचा नव्हता, पुस्तके चांगलीच असणार. पण चाळीस नावे एकदम समोर आली की बाजारात चाळीस तऱ्हेची लुगडी पाहिल्यासारखे होते, बाई रिकाम्या हाताने घरी येते. म्हणून मी आज यादी आणलेली नाही. आमच्या गल्लीत गेल्या काही उन्हाळ्यांत कोणते पुस्तक कोणाच्या हातात गेले आणि त्याचे काय झाले, एवढेच सांगणार आहे.

पण त्याआधी थोडे माझे सांगावे लागेल.

माझे माहेर सास्तूरच्या बाजूचे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती बोळवून लोक निजले होते, तेव्हा भूकंप झाला. आपल्यापैकी अनेकींना तो आठवत असेल. आपल्या आणि लातूर जिल्ह्यातली जवळजवळ आठ हजार माणसे त्यात गेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे माळवद, ते झोपलेल्या माणसांवर आले. आमच्या घरातली आजी गेली. मी तेव्हा सातवीत होते. पुढे शाळा पत्र्याखाली भरू लागली, सातवीची परीक्षा मी तिथेच दिली. आठवीची शाळा लांब होती, आणि त्या दिवसांत पोरीला नजरेआड करायला वडिलांचे मन धजेना. माझे शिक्षण तिथे संपले. यात कोणाचा दोष आहे असे मला कधी वाटले नाही, पण सातवी हा शब्द उच्चारताना आजही माझा आवाज थोडा खाली येतो.

त्या दिवसांत मदतीच्या गाड्या यायच्या. धान्य, चादरी, कपड्यांची गाठोडी. एका गाठोड्यात लुगड्यांच्या घडीत एक पुस्तक निघाले. कव्हर नाही, पुढची पाने नाहीत, नाव कुठेच नाही. गोष्ट एका पोरसवदा मास्तराची होती. धनगरांच्या गावात तो शिकवायला येतो, गावाला हाताशी धरून तालीम बांधतो, आणि मग पाऊस पडत नाही. मेंढरे मरतात, माणसे निघून जातात, गाव ओस पडते. ते पुस्तक मी पत्र्याच्या शेडात पाच-सहा वेळा वाचले. तेव्हा आमचेही जुने गाव सोडून दुसऱ्या जागी घरे बांधायचे ठरत होते. पुस्तकातले लोक जाताना काय काय बरोबर नेतात आणि काय टाकून जातात, हे मी पुन्हा पुन्हा काढून पाहायची. पुढे लग्न झाले, धाराशिवला आले, आणि ते पुस्तक माहेरी कुठे गेले ते कळले नाही.

त्यानंतर बरीच वर्षे माझे वाचन म्हणजे पंचांग, पोथी, मुलांची शाळेची पुस्तके आणि वाण्याच्या पुडीचा कागद. पुडीचा कागद वाचताना नेमकी बातमी फाटलेली असते, हे तुम्हाला माहीतच आहे.

जानेवारी २०२० मध्ये, १० ते १२ तारखेला, आपल्या शहरात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. त्र्याण्णवावे. तेव्हा शहराचे नाव उस्मानाबाद होते, अध्यक्ष होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो, आणि संमेलनाच्या नगरीला आपल्या तेरच्या गोरोबाकाकांचे नाव दिले होते. आम्ही गल्लीतल्या पाचजणी गेलो. भाषणे ऐकायला गेलो असे म्हणाले तर ते खोटे होईल, आम्ही गर्दी पाहायला गेलो होतो. पुस्तकांच्या दुकानांच्या ओळीच्या ओळी होत्या. एका दुकानापाशी मी बराच वेळ घुटमळले आणि मग धीर करून विचारले, "धनगरांच्या गावातल्या मास्तराचं पुस्तक आहे का?" दुकानदार हसला नाही. त्याने हात घातला आणि एक पुस्तक काढून माझ्यापुढे ठेवले. 'बनगरवाडी', लेखक व्यंकटेश माडगूळकर. १९५५ साली आलेले. मी मध्येच उघडले, तालमीचे पान निघाले. सव्वीस वर्षांनी मला त्या पुस्तकाचे नाव कळले. भगिनींनो, मी तिथेच रडले. बरोबरच्या मैत्रिणींना वाटले की माझे पाकीट मारले.

भिशीचे पैसे जवळ होते. त्यात 'बनगरवाडी', 'स्मृतिचित्रे', आणि धाकट्यासाठी भा. रा. भागवतांचा एक 'फास्टर फेणे' घेतला. घरी दोन दिवस बोलणे खाल्ले. आणि मार्चमध्ये टाळेबंदी आली.

तो उन्हाळा आपण कोणीच विसरणार नाही. दारे बंद, रस्ता सामसूम, माणसे गच्चीवर. शेजारच्या वहिनींनी भिंतीवरून विचारले, "काय वाचायलीस गं?" मी पुस्तक दाखवले. त्या म्हणाल्या, "झालं की दे की." आजाराची धास्ती होती, म्हणून पुस्तक आधी एक दिवस उन्हात पापडासारखे वाळवायचे आणि मग भिंतीवरून द्यायचे, असा आमचा नियम झाला. तीन पुस्तके पाच घरांतून फिरली. मग एकीच्या पेटीतून सासूबाईंच्या वेळची पुस्तके निघाली, एकीने मुलाच्या बक्षिसाची काढली. जूनपर्यंत सतरा पुस्तके झाली. त्यात तीन 'मृत्युंजय' होते. हे पुस्तक आपल्याकडे लग्नात आहेर येते आणि कपाटात उभे राहते. वाचले तर चांगले आहे, पण उन्हाळ्यात आडवे पडून धरले की मनगट भरून येते. तेव्हा ते दिवाळीनंतर वाचावे, असे माझे मत.

आता माझी एक चूक सांगते. त्याशिवाय पुढचे कळणार नाही.

२०२१ च्या उन्हाळ्यात दुसरी लाट आली. भिंतीपलीकडच्या त्याच वहिनींची आई सोलापूरला दवाखान्यात गेली आणि परत आली नाही. वहिनींना जाताही आले नाही. त्या दिवसभर ओट्यावर बसून असत. मला वाटले, यांना काहीतरी द्यावे. माझ्या हाताला 'श्यामची आई' लागली. साने गुरुजींनी ती १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली, धडा म्हणण्याऐवजी 'रात्र' म्हटले आहे, रोज एक रात्र वाचावी, असा माझा हिशेब. मी ती त्यांच्या हातात ठेवली आणि स्वतःवर खूश होऊन घरी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा मुलगा पुस्तक परत देऊन गेला. निरोप काहीच नाही. मग श्रावण उजाडेपर्यंत वहिनी माझ्याशी बोलल्या नाहीत.

आई गेलेल्या बाईला मी आईचे पुस्तक दिले होते. पुस्तक चांगले आहे एवढेच मी पाहिले, घेणाऱ्या हाताकडे पाहिले नाही.

महालक्ष्म्यांच्या सुमारास त्या स्वतःच आल्या. म्हणाल्या, "नाव वाचलं आणि मिटलं. उघडवंना. दुसरं काहीतरी दे. ज्यात कुणी मरत नाही असं दे." मी पेटी उघडली. भगिनींनो, तुम्ही कधी असे पुस्तक शोधून पाहा. 'बनगरवाडी'त माणसे मरतात, 'स्मृतिचित्रे'त मुले जातात, 'स्वामी'त तर तरुण माधवराव जातात आणि रमाबाई सती जातात. सगळी पेटी उलटी केली. शेवटी धाकट्याचा 'फास्टर फेणे' दिला. फुरसुंगीचा तो काडीपैलवान पोरगा, सायकलवर उंडारतो, संकटात सापडतो आणि 'ट्टॉक्' करून बाहेर येतो. त्या रात्री भिंतीपलीकडून वहिनींच्या हसण्याचा आवाज आला, चार महिन्यांनी. मुलाला वाचून दाखवत होत्या. त्यांनी मग ते सगळे भाग मिळवून वाचले. 'श्यामची आई' अजून वाचलेली नाही, आणि मी विचारतही नाही.

तेव्हापासून मी कोणी "काही वाचायला दे" म्हटले की आधी बस म्हणते, पाणी देते, आणि घरचे काय चालले आहे ते ऐकते. पुस्तक मग काढते.

आता आमच्या वाळवणाची गोष्ट. टाळेबंदी उठली आणि २०२२ च्या चैत्रात आम्ही पुन्हा एकत्र पापड लाटायला लागलो. कुरडया पहाटे गच्चीवर घालायच्या असतात, चीक गरम असतो, सोऱ्या फिरवताना कोणाला कान नसतो. पण उडदाचे पापड दुपारी घरात, पंख्याखाली, चार-चार तास. तिथे बोलणे लवकर संपते आणि मग नसलेल्या बाईवर घसरते. म्हणून मी म्हटले, एकीने वाचायचे, बाकीच्यांनी लाटायचे. वाचणारीच्या वाट्याच्या लाट्या इतरांनी लाटायच्या.

पहिल्या दिवशी रमाबाई रानडे घेतल्या. 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी', १९१० चे पुस्तक. १८७३ साली अकराव्या वर्षी लग्न होऊन त्या आल्या, माधवराव रानड्यांनी त्यांना शिकवायला घेतले, आणि घरातल्या बायकांनी त्या वाचनापायी त्यांना किती छळले, ते सगळे त्यात आहे. मी मुद्दाम हेच निवडले होते. आमच्या आत्याबाई तिथे बसल्या होत्या ना! "भर दुपारी पुस्तक घेऊन बसायचं, हे काय सुनांचं लक्षण हाय?" हे मी वीस वर्षे ऐकले होते. मला वाटले, आता ऐकू दे. आत्याबाईंनी सगळे नीट ऐकून घेतले आणि शेवटी म्हणाल्या, "त्या बायकांचं तरी काय चुकलं? पोरगी वाचत बसली तर भांडी कोण घासणार व्हती?" सगळ्या हसल्या. पण एक सांगते, दुसऱ्या दिवशी लाटण्या घेऊन सगळ्यांच्या आधी आत्याबाईच बसल्या, आणि "काल कुठवर आलो होतो?" असे त्यांनीच विचारले.

पापडाच्या दुपारीला सगळ्यांत चांगले पुस्तक मात्र लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे'. १९३४ पासून ते भागाभागाने निघाले. लक्ष्मीबाई शाळेत गेलेल्या नाहीत, वाचायला शिकल्या त्या लग्नानंतर. वडिलांचे सोवळे असे की बाजारातून आलेला जिन्नस धुतल्याशिवाय घरात घ्यायचा नाही. नवरा कवी, उदार आणि लहरी, हातात पैसे टिकायचे नाहीत. १८९५ साली ते ख्रिस्ती झाले, तेव्हा या बाईवर आभाळ कोसळले. काही वर्षे वेगळी राहिली, आणि मग स्वतः विचार करून तीही त्याच धर्मात गेली. हे सगळे तिने असे सांगितले आहे की ऐकता ऐकता पापड वाकडा होतो. रडायच्या जागी ती हसवते. सुरुवातीला नात्यागोत्याची नावे फार येतात, तिथे थांबू नका, पुढे सरका. प्रसंग सुटे सुटे आहेत, त्यामुळे एखादी दुपार चुकली तरी बिघडत नाही.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक आक्का राहतात. सत्तरीच्या पुढच्या. अक्षरओळख नाही. त्या आधी यायच्या नाहीत. "मला अडाणीला काय कळतंय?" म्हणायच्या. मी त्यांना बहिणाबाईंचे सांगितले. बहिणाबाई चौधरी जळगावकडच्या, १८८० साली असोद्याला जन्मल्या. लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात, जात्यावर जे सुचले ते मुलाने, सोपानदेवांनी, आणि घरच्यांनी टिपून ठेवले. १९५१ साली त्या वारल्या. मुलाने ती गाणी आचार्य अत्र्यांना दाखवली, आणि १९५२ साली 'बहिणाबाईची गाणी' हे पुस्तक झाले. आक्का म्हणाल्या, "आडाणी बाईचं पुस्तक?" आणि आल्या. गंमत अशी की त्यातले खानदेशी शब्द आम्हा वाचणाऱ्यांना अडायचे आणि आक्का लाटणे थांबवून अर्थ सांगायच्या. शब्द तिकडचा असला तरी काम तेच ना, पेरणी, मळणी, जाते, चूल. तीन-चार गाण्यांनंतर त्यांनी स्वतःच्या आईच्या जात्यावरच्या ओव्या म्हणायला सुरुवात केली. त्या दुपारी पुस्तक मिटलेच.

'पाचोळा' हे आपल्या भागाचे पुस्तक. रा. रं. बोराडे लातूर जिल्ह्यातल्या काटगावचे. २०२५ च्या फेब्रुवारीत ते गेले. ही कादंबरी १९७१ ची, एका खेड्यातल्या शिंप्याच्या घराची गोष्ट, त्याच्या बायकोने स्वतःच्या तोंडाने सांगितलेली. सगळी आपल्या बोलीत. मी वाचायला लागले तेव्हा एकजण म्हणाली, "अगं, नीट वाच की, पुस्तकातल्यासारखं." मी म्हटले, "पुस्तकात असंच आहे." विश्वास बसेना, पान दाखवावे लागले. आमच्यात शिवणकाम करणारी एक ताई आहे. ती दोन दुपारी काही बोलली नाही, आणि तिसऱ्या दुपारी म्हणाली, "हे पुढं मी घरी नेऊन वाचते. सगळ्यांच्यात नको." काही पुस्तके मोठ्याने वाचायची नसतात, हे मी तेव्हा शिकले.

एक पुस्तक मात्र काही घरांतून न उघडता परत आले, आणि ते मी इथे सांगणार आहे. बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं', १९८६ चे. बेबीताई फलटणच्या, महार समाजातल्या. त्यांचे लहानसे दुकान होते. पुड्या बांधायला आणलेली रद्दी त्या वाचायच्या, आणि घरच्यांपासून लपवून वह्या लिहायच्या, कितीतरी वर्षे. पुडीचा कागद वाचणारी बाई मी एकटीच नाही, हे कळून मला इतके बरे वाटले! पण आतले वाचताना बरे वाटत नाही. भूक, विटाळ, सासुरवास, सगळे उघडे सांगितले आहे. ज्या घरांतून पुस्तक परत आले त्या घरांशी माझे भांडण नाही. आपण सगळ्या एका मंडळात आहोत, एका ताटातली खिरापत खातो, पण कोणाच्या घरी पाणी पिताना कोण अजून कचरते हे आपल्याला ठाऊक आहे. ज्यांना वाचायचे असेल त्यांनी माझ्याकडून न्यावे. पापडाच्या वेळी हे वाचू नये, अंगाचे पाणी होते.

आता कोणी म्हणेल, गावात वाचनालय असताना ही भिंतीवरची देवघेव कशाला? वाचनालयाचा मला आदरच आहे. १९६७ साली ग्रंथालयांचा कायदा झाला, त्यामुळे आपल्याकडे लहान गावांतही अनुदानावर वाचनालये चालतात, वर्गणी थोडी असते. पण मी एका वाचनालयात नाव घालायला गेले तर वेळ सकाळी आठ ते दहा आणि संध्याकाळी पाच ते आठ. म्हणजे एकदा डबे, एकदा चूल. दुपारी दोन ते चार, जेव्हा बाई मोकळी असते, तेव्हा कुलूप. मी तिथल्या गृहस्थांना हे सांगितले. ते म्हणाले, "दुपारी कोणी येत नाही हो." कुलूप असल्यावर कोण येणार? आपल्या मंडळाने एक अर्ज द्यावा, सह्या मी गोळा करते.

साताऱ्याकडे पाचगणीजवळ भिलार नावाचे स्ट्रॉबेरीचे गाव आहे. ४ मे २०१७ रोजी, ऐन उन्हाळ्यात, सरकारने ते 'पुस्तकांचे गाव' केले. पंचवीस ठिकाणी, त्यात लोकांच्या राहत्या घरांतसुद्धा, पंधरा हजारांच्या आसपास पुस्तके मांडली. कोणीही जावे, बसावे, वाचावे. ते ऐकून आमच्या वहिनी म्हणाल्या, "तिथं थंड हवा हाय, स्ट्रॉबेरी हाय. आपल्याकडं टँकर आणि बेचाळीस डिग्री." खरे आहे. पण उन्हाने दारे लावून बसायला लागते ते आपल्यालाच, आणि दार लावल्यावर वाचन छान होते.

टँकरवरून आठवले. 'बनगरवाडी' मी सर्वांत शेवटी वाचायला घेतले, गेल्या उन्हाळ्यात. इतकी वर्षे ते मी कोणासमोर मोठ्याने वाचले नव्हते. गाव रिकामे होते त्या पानापाशी माझा आवाज बसला. आक्कांनी लाटणे ठेवले आणि विचारले, "मग ती माणसं कुठं गेली?" मी म्हटले, "ते लिहिलेलं नाही." आक्का म्हणाल्या, "लिव्हाय पायजे व्हतं." आणि मग मी त्यांना आमच्या गावाचे सांगितले. आजीचे, पत्र्याचे, त्या गाठोड्याचे. लग्नाला पंचवीस वर्षे झाली, आत्याबाईंनाही मी ते कधी पूर्ण सांगितले नव्हते. त्या दिवशीचे पापड थोडे जाड झाले.

आता सूचना, आणि मी बसते. पुस्तकांची पत्र्याची पेटी माझ्या जिन्याखाली आहे, सध्या त्रेपन्न पुस्तके आहेत. दुपारी दोन ते चार दार उघडे असते. वहीत नाव स्वतः लिहायचे, सही येत नसेल तर मी लिहीन. पुस्तकात हळदीकुंकवाचे बोट लागले तर चालेल, पण पान दुमडू नये, खुणेला दोरा घालावा. मुलांना पाठवलेत तर काय हवे ते चिठ्ठीवर न लिहिता तुम्हीच या, म्हणजे दोन शब्द बोलता येतील. आणि 'पाचोळा' दिवाळीपासून परत आलेला नाही. वहीत त्या पानावर तेल सांडल्याने नाव वाचता येत नाही. ज्यांच्याकडे असेल त्यांनी आणून द्यावा, मी काही विचारणार नाही. वाचून झाला नसेल तर तसा निरोप द्या आणि अक्षय्यतृतीयेपर्यंत ठेवा.

पन्हे कोमट व्हायच्या आत आता उठू या.